घरातील थंडावा आणि ऊब : यंत्रांची निगा व आपला यत्नाचार

इंदूरहून उज्जैनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, इंदूरपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर सांवेर हे तालुक्याचे गाव आहे. माळव्याच्या पठारावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या या गावाला ऋतूंची दोन्ही टोके पाहावी लागतात. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, दुपारी बाजारपेठेत वाऱ्याबरोबर झळा येतात आणि ऊन उतरल्यावाचून गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. उलट पौषातील पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि एखाद्या थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली उतरतो.

आपल्या वाडवडिलांनी या दोन्ही टोकांना तोंड देण्याची व्यवस्था घराच्या बांधणीतच करून ठेवली होती. जाड मातीच्या भिंती, वर कौले, मधोमध चौक. उन्हाळ्यात दारांवर पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे. हिवाळ्यात न्हाणीघरातील तांब्याचा बंब आणि माजघरातील शेगडी, एवढ्यावर वर्ष निभावत असे. यंत्राने थंड केलेली हवा ही त्या काळी राजवाड्यातील गोष्ट होती. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने १९३० नंतरच्या काही वर्षांत माणिकबाग प्रासाद उभारला, तेव्हा त्यात वातानुकूलनाची सोय केली होती, आणि ती नवलाची बाब समजली जात असे. त्याच वास्तूत पुढे केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आले. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना माणिकबागेची ओळख झाली ती निराळ्याच कारणाने!

आज चित्र पालटले आहे. मातीच्या भिंती गेल्या, स्लॅबची घरे आली. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहतो. म्हणून घरोघरी कूलर आला, पेढीवर आणि शयनगृहात वातानुकूलन यंत्र आले, न्हाणीघरात बंबाच्या जागी गिझर बसला. ही यंत्रे विकत घेताना आपण भावाची घासाघीस करतो, दहा दुकाने पाहतो. परंतु एकदा ते यंत्र भिंतीवर चढले, की बंद पडेपर्यंत त्याच्याकडे पाहावयाचे नाही, असा आपला परिपाठ पडून गेला आहे. या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याविषयीच.

ही केवळ पैशाची बाब असती, तर स्मरणिकेची पाने आम्ही तिच्यासाठी अडविली नसती. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादाला, म्हणजेच बेसावधपणाला, अग्रस्थान दिले आहे. प्रमादयुक्त वर्तनातून घडलेला प्राणघात ती हिंसा. कूलरमध्ये साचलेले पाणी, अर्थिंग नसलेली तार, बंद खोलीतील शेगडी, या तिन्ही ठिकाणी कोणाला इजा करावी असा कोणाचाही हेतू नसतो. असतो तो केवळ आळस. आणि या आळसाची किंमत कधी मुक्या जीवांना, कधी आपल्या दुकानातील नोकराला, तर कधी स्वतःच्या लेकराला मोजावी लागते.

कूलर : पाणी आणि वीज यांचा शेजार

कूलरचे तत्त्व वाळ्याच्या पडद्याचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ओल्या गवतातून पंखा हवा ओढतो, पाणी वाफ होऊन जाताना त्या हवेतील उष्णता घेते आणि हवा गार होते. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली अशी की, हवा जितकी कोरडी तितका कूलर गुणकारी. म्हणूनच माळव्याच्या चैत्र-वैशाखात तो उत्तम चालतो आणि मृगाच्या सरी आल्या की निरुपयोगी ठरतो. दुसरी अशी की, कूलरने आत लोटलेल्या दमट हवेला बाहेर जाण्यास वाट हवी. समोरची खिडकी बंद करून कूलर चालविणारा गृहस्थ घाम पुशीत बसतो आणि दोष मात्र यंत्राला देतो.

परंतु खरा प्रश्न टाकीतील पाण्याचा आहे. पाणी गाळून पिणे ही जैन घराची ओळख. गाळलेल्या पाण्याची मर्यादाही आपण दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची मानतो. त्याच घरात, त्याच खिडकीला, कूलरच्या टाकीत तेच पाणी महिना महिना साचून राहते, ही विसंगती आपल्या लक्षात येऊ नये याचे आश्चर्य वाटते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठावर अंडी घालतो आणि उन्हाळ्याच्या उबेत सात-दहा दिवसांत त्या अंड्यांतून उडते डास तयार होतात. ही अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात व कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने टिकतात; पुढच्या वर्षी पाणी भरले की ती पुन्हा जागी होतात.

अळ्यांनी भरलेली टाकी ओतणे हीही हिंसाच, आणि न ओतावी तर घरात ज्वर. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच : जीव उपजण्यास जागाच देऊ नये. टाकीच्या फटींना बारीक जाळी लावावी. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे. आठवड्याची मर्यादा तर कदापि ओलांडू नये. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, आतील भिंती ब्रशने घासून, पुसून, उन्हात कोरडी ठेवावी. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांना यात दुहेरी लाभ आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. नुसते वरून पाणी भरीत गेल्यास क्षार वाढत जाऊन गवतावर व पंपावर पांढरा थर बसतो, गवत दगडासारखे होते आणि थंडावा नाहीसा होतो. कूलर ‘जुना झाला’ म्हणून ज्याला आपण मोडीत काढतो, त्याला पुष्कळदा केवळ नवे गवत व स्वच्छ टाकी हवी असते.

याहून गंभीर बाब विजेची. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप आणि पंपाची जीर्ण झालेली तार, एवढी सामग्री अपघातास पुरेशी आहे. तार उघडी पडली की सगळा पत्रा जिवंत होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणाऱ्या मुलाच्या अंगातून वीज जमिनीत उतरते. म्हणून तीन नियम घरात सक्तीचे असावेत. कूलरला तीन पिनांचाच प्लग असावा आणि भिंतीतील तिसऱ्या छिद्रामागे खरोखरीचे अर्थिंग आहे की नाही, हे वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे. नुसते छिद्र म्हणजे अर्थिंग नव्हे. पाणी भरताना अथवा टाकी पुसताना बटण बंद करण्यावर न थांबता प्लगच काढून ठेवावा. आणि घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. विजेची गळती होताच हे साधन क्षणार्धात प्रवाह तोडते. त्यावरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते चालू असल्याची खात्री करावी.

वातानुकूलन यंत्र : उष्णतेचा हमाल

आपणां व्यापाऱ्यांना हे ऐकून कौतुक वाटेल की, वातानुकूलन यंत्राचा जन्म एका धंद्यातील अडचणीतूनच झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व आक्रसे, त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसेना. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा ताब्यात ठेवण्याची योजना आखली, आणि तीतूनच आजचे यंत्र विकसित झाले. भारतात ब्लू स्टार १९४३ मध्ये आणि व्होल्टास १९५४ मध्ये स्थापन झाली. पुढे या यंत्रांचा प्रसार येथेही वाढत गेला.

या यंत्राविषयी एक गैरसमज आपल्याला वर्षानुवर्षे महाग पडत आला आहे, तो गॅसचा. यंत्र थंडी ‘निर्माण’ करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. नळ्यांतून फिरणारा गॅस हा या कामातील हमाल होय. आतल्या बाजूस तो द्रवाचा वायू होताना उष्णता पाठीवर घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तप्त करतो आणि बाहेरच्या बाजूस तो ती उष्णता उतरवून पुन्हा द्रव होतो. हमाल पोती वाहतो. पोती वाहून तो स्वतः कमी होत नाही. तद्वतच गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे.

आमच्याच घरी एका यंत्रात लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला गेला. दर वर्षी कारागीर येई, भरून जाई, आम्ही पैसे देऊन मोकळे होत असू. चौथ्या वर्षी आलेल्या एका जाणत्या कारागिराने साबणाचे पाणी लावून पाहिले, तो बाहेरच्या नटाशी बुडबुडे आले. नळीचे तोंड नव्याने करून नट आवळला आणि तो प्रश्न कायमचा मिटला. दोष पहिल्या कारागिराचा होता, तितकाच न विचारणाऱ्या आमचाही होता. म्हणून गॅस भरण्याची वेळ आली की कारागिराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : गळती कोठे सापडली? ती बुजविल्यावर पंपाने नळ्यांतील हवा व ओल पूर्ण काढली काय? आणि गॅस कोणत्या जातीचा, वजनाने किती भरला? यंत्रावरील पट्टीवर गॅसची जात व वजन छापलेले असते; बिलात ते तसेच लिहून घ्यावे. वजन न करता माल घेणारा व्यापारी आपल्यात सापडणार नाही. मग येथेच आपण डोळे मिटून का घ्यावे?

गॅसच्या जातीला आणखीही महत्त्व आहे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस वातावरणातील ओझोनच्या थराला अपाय करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो क्रमाने बंद होत आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो, तो मंदपणे पेट घेऊ शकतो. काही यंत्रांतील आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, तो सहज पेटतो. तेव्हा एका जातीच्या यंत्रात दुसऱ्या जातीचा गॅस भरू देऊ नये, आणि नळीत गॅस असताना तिला ज्योत लावून झाळकाम करू देऊ नये.

दैनंदिन निगा मात्र घरच्यांनीच करावयाची आहे. आपल्या गावात गहू, हरभरा व सोयाबीन यांची उलाढाल मोठी. हंगामात धान्याची धूळ हवेत भरून राहते. ती आतील यंत्राच्या जाळीवर बसते, हवा अडते आणि गार नळ्यांवर बर्फ धरू लागते. म्हणून दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून जाळी काढावी, साध्या पाण्याने धुवावी व सावलीत वाळवून परत बसवावी. बाहेरील यंत्राभोवती पोती अथवा खोकी रचून त्याचा वारा अडवू नये. आतून पाणी ठिबकू लागल्यास यंत्र बिघडले असे समजून घाबरू नये. पाणी नेणारी नळी तुंबली असण्याचा अथवा तिचा उतार बिघडला असण्याचाच संभव अधिक. वीज गेली व परत आली तर किमान तीन मिनिटे थांबून यंत्र सुरू करावे, म्हणजे नळ्यांतील दाब समतोल होतो व कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

येथे ‘टन’ या शब्दाचाही उलगडा केलेला बरा. हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन, विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. उन्हात तापणारा स्लॅब डोक्यावर असेल तर तीच खोली अधिक टनाचे यंत्र मागते. म्हणून मोठे यंत्र घेण्यापूर्वी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. हा सर्वांत स्वस्त थंडावा होय.

यंत्र किती अंशांवर लावावे, याचे उत्तर आपल्या भोगोपभोगपरिमाण व्रतातच आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने तारांकित यंत्रे १ जानेवारी २०२० पासून मुळातच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम केला. एक अंश वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे त्या विभागाचे सांगणे आहे. १८ अंशांवर यंत्र लावून वर रजई घेणे यास सुख म्हणावे की परिग्रह, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणखी एक विनंती. बाहेरचे यंत्र पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, भिंतीच्या बाहेर टांगलेले असते. ते दुरुस्त करण्यास येणारा तरुण एका हाताने गज धरून दुसऱ्या हाताने काम करतो आणि आपण खाली उभे राहून ‘लवकर आटप’ म्हणतो. त्याच्या कमरेला पट्टा व दोर असल्याशिवाय त्यास बाहेर पाय टाकू देऊ नये. कारण त्याच्या घरीही कोणी वाट पाहत असते.

हिवाळा : अदृश्य वैरी

उन्हाळ्यातील चुका दिसतात तरी; हिवाळ्यातील चूक दिसत नाही, तिला वासही नसतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत जळू लागली की प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाचे डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. राखेखालचा निखाराही हा वायू सोडीत असतो. म्हणून रात्री झोपताना शेगडी खोलीत ठेवूच नये, मग थंडी कितीही असो आणि घरात बाळंतीण असली तरी, किंबहुना असली तर मुळीच नाही.

जुना बंब पुष्कळ घरी हवेशीर न्हाणीघरात अथवा परसात असे. आज मात्र लहानशा, बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर बसविला जातो आणि थंडी लागते म्हणून झरोकाही बंद केला जातो. हाच वायू तेथेही तयार होतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. तसे करणे शक्य नसेल तर विजेचाच गिझर पत्करावा. न्हाणीघरात कोणास भोवळ आल्याचे कळताच प्रथम त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न करता दवाखान्यात न्यावे; ‘थंडीने चक्कर आली’ अशी समजूत करून घेऊ नये.

विजेच्या गिझरचा वैरी क्षार. तळाशी थर बसला की पाणी तापण्यास वेळ लागतो, वीज अधिक जाते व टाकी गळू लागते. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवून घ्यावी. आतील मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचविते. ती संपली असल्यास बदलावी. दाब सोडणारी झडप कधीही बुजवू नये. बादलीत सोडण्याची विजेची कांडी वापरणाऱ्यांनी तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. खोली उबदार करणारा हीटर पडदे व अंथरुणापासून हातभर तरी दूर असावा, आणि तो लांबविलेल्या कमजोर तारेवर चालवू नये.

यंत्रांची वही

एवढे सारे ध्यानात कसे ठेवावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या पेढीवरच आहे. जे लिहिले जात नाही ते विसरले जाते, हे आपण पिढ्यान्पिढ्या जाणून आहोत. दीपावलीस, प्रभूंच्या निर्वाणदिनी, आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. त्याच वेळी घरातील यंत्रांसाठी एक लहानशी वही घालावी. एकेका यंत्राला एक पान द्यावे. त्यावर खरेदीची तारीख, गॅसची जात, दुरुस्तीची तारीख, सापडलेला दोष, बदललेला भाग व दिलेली रक्कम नोंदवावी.

तिथींचा आधार घेतल्यास कामही सोपे होते. फाल्गुनात, होळीच्या आधी, कूलरची टाकी घासणे, गवत बदलणे, तार व अर्थिंग तपासणे आणि वातानुकूलन यंत्र स्वच्छ करून घेणे. या वेळी कारागिरास सवड असते व तो मन लावून काम करतो. चैत्र ते ज्येष्ठ, आठवड्याचा एक कोरडा दिवस. आषाढात, चातुर्मास बसण्यापूर्वी, कूलर रिकामा करून, पूर्ण वाळवून, झाकून ठेवणे. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक म्हणून आपण इतर बाबतींत जपतो, तेथे टाकीत पाणी ठेवून कसे चालेल? कार्तिकात गिझर धुणे, झरोके उघडे आहेत की नाहीत ते पाहणे आणि शेगडीविषयी घरातील सर्वांना बजावणे.

वर्षाअखेर ही वही उघडली, म्हणजे कोणते यंत्र वारंवार पैसे खाते, कोणता कारागीर खरा, आणि कोठे आपलाच हलगर्जीपणा झाला, हे स्वच्छ दिसेल. पेढीच्या वहीत नफा-तोटा रुपयांत लिहितात. या वहीतील खरा नफा म्हणजे ज्या घरी ज्वर आला नाही, ज्या नोकराला धक्का बसला नाही आणि ज्या खोलीतील माणसे सकाळी नेहमीप्रमाणे उठली, त्या घराचे स्वास्थ्य. तो जमेस लिहिता येत नाही, परंतु त्याहून मोठी जमा नाही.

सर्व सभासद बंधुभगिनींचे उन्हाळे शीतल आणि हिवाळे सुखाचे जावोत, आणि त्या सुखात कोणत्याही जीवाला बाधा न होवो, हीच प्रार्थना. जय जिनेंद्र.